खुणेवरचा फोकस

भांडण नको म्हणून आईनं तिन्ही मुलांना एकाच दिवशी बोलावलं, आणि तिथंच चुकलं. तिघं तीन दिवशी आली असती तर बाबांचा फोटो स्टुडिओ गुपचूप रिकामा झाला असता. ज्यानं त्यानं आपापलं उचलून नेलं असतं आणि रुसवेफुगवे मागाहून फोनवर झाले असते, जसे चारचौघांच्या घरात होतात. पण आईनं हट्टच धरला होता. "माझ्या देखत काय ते करा. मी गेल्यावर एकमेकांकडे पाठ करून बसायचं असेल तर खुशाल बसा."

सोमवारी जागा सोडायची होती. आज शनिवार. सकाळी नऊला दादानं कुलूप काढलं, आणि जिना चढून वर येताच मधल्या छबीच्या नाकात तो जुना आंबट वास शिरला. डार्करूम बंद होऊन पंधरा वर्षं झाली, बाबांना जाऊन वर्ष झालं, पण फोटो धुवायच्या हायपोचा वास काही जागा सोडायला तयार नव्हता. छबीला एकदम रडूच आलं. तिनं पर्समधला रुमाल काढून उगाच चष्मा पुसला.

"आल्या आल्या सुरू?" धाकटा म्हणाला. हा शाळेत भूगोल शिकवायचा आणि वर्गातल्या चाळीस पोरांची थट्टा करायची सवय घरातही सोडायचा नाही. "थांब जरा. अजून वाटणीसुद्धा झाली नाही."

"धूळ गेली डोळ्यात."

"हो ना. धूळ फक्त मुलींच्याच डोळ्यांत जाते."

खोली होती तशीच होती. उत्तरेकडची मोठी खिडकी, तिच्यावरचा दुधी कागद. समोरच्या भिंतीवर रंगवलेला पडदा: दोन खांब, पायऱ्या, तळं आणि तळ्यात दोन हंस. त्यातल्या एकाची मान ओल येऊन कधीच गेली होती, त्यामुळे त्याच्यापुढे नेहमी कुणीतरी उंच माणूस उभं करावं लागायचं. फरशीवर कॅमेऱ्याच्या तिकाटण्याच्या पायांसाठी पिवळ्या रंगाच्या तीन फुल्या. आणि पडद्यापुढं ती खुर्ची, चारही पाय जमिनीत स्क्रूनं आवळलेली. गिऱ्हाइकांना वाटायचं, चोरीला जाऊ नये म्हणून बाबांनी ती ठोकून ठेवली आहे. बाबा हसून म्हणायचे, "हो, लोक फोटो नेतात तशी खुर्चीही नेतात." खरं कारण जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, असं छबी धरून चालली होती.

दुपारपर्यंत काम सरळ चाललं. बटर पेपरच्या पाकिटांतल्या निगेटिव्ह खोक्यांत भरून झाल्या, त्या धाकट्याकडे जायच्या. इनॅमलचे ट्रे आणि लाल दिवा भंगारात. पडद्याची गुंडाळी करताना वहिनीला शिंकांचा झटका आला. "पस्तीस वर्षं झाली लग्नाला, या पडद्यानं मला कधी सुखानं श्वास घेऊ दिला नाही," असं ती म्हणाली आणि आईसुद्धा हसली. सगळं इतकं गोडीगुलाबीनं चाललं होतं की छबीला वाटलं, आज काही होणार नाही. मग दादानं लोखंडी कपाटातून लेन्सांची पेटी काढली.

पाच लेन्स होत्या. त्यातल्या चार कुणीही घ्याव्यात. पाचवी पंच्याऐंशी मिलिमीटरची, बाबांची चेहऱ्याची लेन्स. हातात घेतली की मनगटाला कळावी अशी जड, सगळी धातूची. फोकसची रिंग जाड ग्रीसमुळे संथ फिरायची, घाई केलेली तिला खपत नसे. त्या रिंगवर तीन ठिकाणी लाल नेलपॉलिशचे टिपके होते, बोटाला लागावेत एवढे जाड.

"ही माझ्याकडे राहील," दादा म्हणाला. विचारलं नाही, नुसतं सांगितलं. "नव्या दुकानात दर्शनी काचेचं कपाट करतोय. आत दिवा, खाली पितळी पाटी. येणाऱ्याजाणाऱ्याला कळलं पाहिजे, आपण कुठून आलो."

छबी पंचवीस वर्षं या बाबतीत गप्पच होती. बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कोंबांचे आणि मुळ्यांचे फोटो काढायची नोकरी तिनं चांगली केली होती, तिचे फोटो पुस्तकांत छापून आले होते. पण या घराकडून तिनं काही मागितलं नव्हतं. आज मात्र ती मागायचं ठरवूनच आली होती. येताना बसमध्ये तिनं वाक्य पाठ केलं होतं, आणि आता ते नेमकं आठवेना.

"कपाटात ठेवलीस तर मरेल ती," तिच्या तोंडून निघालं.

"काय?"

"लेन्स न वापरता ठेवली की तिच्यात बुरशी धरते. ग्रीस वाळतं. मला दे, मी वापरीन. माझ्या कॅमेऱ्याला बसते ती."

"डिजिटलला?" दादा हसला. "उद्या विमानाला बैल जुंपशील."

"चार वर्षं जुंपतेय. मध्ये एक कडं लावायचं, अडॅप्टर. जुनी पन्नासची मिळाली होती मला, ती रोज वापरते. फोकस हातानं करायचा, एवढंच."

"आणि एवढ्यासाठी बाबांची लेन्स द्यायची? नीट ऐक. फोटोग्राफर या घरात कोण आहे? दुकान कुणी चालवलं? बाबांनी जाताना किल्ल्या कुणाच्या हातात दिल्या?" दादानं लेन्स वर धरली. "हे टिपके बघितलेस? चेहरा, अर्धा, पूर्ण. खुर्चीपासून मोजून केलेले. बाबांनी माझ्यासाठी करून ठेवलेत हे. त्यांच्या मागं माझं अडायला नको म्हणून."

छबीनं त्या टिपक्यांकडे पाहिलं. तिच्या लग्नासाठी आणलेली नेलपॉलिशची ती पहिली बाटली होती, आणि हातांना लावायच्या आधी तिनं ती या रिंगला लावली होती.

आता हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. छबी चौदा वर्षांची असताना बाबांच्या नजरेत मधोमध धूर बसायला लागला. कडेचं दिसायचं, समोरचंच दिसायचं नाही. ज्याचा चेहरा बघायचा तोच पुसलेला. फोटोग्राफरला दिसत नाही हे गावभर झालं तर दुकानावर कोण पाय ठेवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. शाळेतून आली की छबी कॅमेऱ्यामागं उभी राहायची. बाबा पुढून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे, हसवायचे, हनुवटी सरळ करायचे आणि मागून छबी रिंग फिरवायची. जुळलं की ती हळूच खाकरायची, मग बाबा बटण दाबायचे. दादा बाहेरच्या कामांवर असायचा, लग्नं, शाळांचे वर्ग. त्याला पत्ताही नव्हता. सहा वर्षं असं चाललं. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिला स्वतःपेक्षा बाबांचीच काळजी लागली. म्हणून खुर्ची जमिनीला ठोकली, फरशीवर फुल्या मारल्या आणि रिंगवर टिपके केले, बाबांच्या बोटांना सापडतील असे. बाबांनी ते अंगठ्यानं चाचपून पाहिले आणि म्हणाले, "झालं की माझं काम." बस्स. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, स्टुडिओ दादाचा. छबीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तरी दिसली नसती, पण ते वेगळं.

"लावून तर बघा," धाकटा मध्येच म्हणाला. "म्हातारीला नव्या घरात करमतं का ते तरी कळेल."

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे?" आई म्हणाली.

"लेन्सला गं आई!"

आई खिडकीजवळच्या स्टुलावर बसली होती. ती उठली, पदर सारखा केला आणि सरळ जाऊन त्या ठोकलेल्या खुर्चीत बसली. "माझा काढा दोघांनी. याच लेन्सनं. ज्याचा चांगला येईल त्यानं न्यावी. उगाच तोंडाची वाफ कशाला दवडताय?"

"आई, हे काय, शर्यती लावायच्या का आता या वयात?" वहिनी म्हणाली. वहिनी नेहमी दादाच्या बाजूची, पण आज तिचा आवाज जरा कापरा होता. छबीला ते नंतर आठवलं.

"वय तर माझंही झालंय, तरी बसलेय ना मी? लावा."

छबीनं पिशवीतून आपला कॅमेरा काढला, पुढं कडं चढवलं आणि त्यावर लेन्स फिरवली. खट् असा आवाज झाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर अक्षरं आली, 'लेन्स नाही'.

"बघ, ओळख देत नाही तो," दादा म्हणाला.

"त्याला सांगावं लागतं." मेनूत एक खूण बदलली तसं चित्र उजळलं. उत्तरेच्या उजेडात आईचा चेहरा आला, अगदी या खोलीत पूर्वी यायचा तसा, कडा मऊ आणि मधे जीव. नव्या लेन्स सुरकुती मोजतात, ही सुरकुतीला समजून घ्यायची. छबीला वाटलं, बाबा आत्ता डार्करूमचा पडदा सारून बाहेर येतील. तिनं कॅमेरा तिकाटण्यावर चढवला आणि तिकाटणं फुल्यांवर ठेवलं. "दादा, तू मोठा. आधी तू. हे बटण दाबलंस की चित्र दहापट मोठं दिसतं. पापणीवर फोकस कर."

"मला शिकवू नकोस. मला मोठं करून बघायची गरज नाही. खुणा आहेत."

"पण दादा, कड्यामुळं खुणा..."

"छबी. एकदा सांगितलं."

आता यातली मेख अशी, की असलं कडं हवं त्यापेक्षा केसभर पातळ असतं. जुन्या कॅमेऱ्यावर जी खूण बरोबर आईच्या डोळ्यांवर यायची, ती इथं चार बोटं मागं पडते. छबीला हे ठाऊक होतं, तिच्या पन्नासच्या लेन्सनं तिला आठवडाभर रडवलं होतं. ती सांगायला गेली आणि थांबली. सांगून टाकलं तर शर्यत कसली? अडू दे एकदा त्याचं, असं तिच्या मनात आलं आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

दादा कॅमेऱ्यामागं गेला. अंगठा रिंगवर सरकला, टिपका चाचपला, थांबला. मग त्यानं मान किंचित डावीकडे वळवली, हनुवटी वर घेतली आणि आईच्या कानापलीकडे कुठंतरी बघत म्हणाला, "आई, सरळ बस. हं. हस जरा."

छबीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती मान, तो अंगठा. हे तिनं सहा वर्षं रोज पाहिलं होतं.

तीनदा बटण दाबलं गेलं. दादानं कॅमेरा तिकाटण्यावरून काढून मागचा पडदा तोंडासमोर धरला, जरा तिरपा, आणि समाधानानं मान हलवली. "झकास. घ्या मोजून, पापणी न् पापणी."

छबीनं कॅमेरा त्याच्या हातातून घेतला. खुर्चीच्या पाठीवरची नक्षी लख्ख आली होती. आईच्या कानातली कुडी जेमतेम. आणि डोळे? डोळ्यांच्या जागी दोन राखाडी डाग होते. शाळेतल्या पोरानंही सांगितलं असतं, फोटो गेलाय. आणि दादा म्हणत होता, झकास.

गेली दोन-तीन वर्षं तो बोलताना आपल्या तोंडाकडे बघत नाही, हे छबीनं मनात लिहून ठेवलं होतं. तिनं त्याचा अर्थ लावला होता: खाल्ल्या मिठाची लाज वाटते मेल्याला, माझं हक्काचं घेऊन बसलाय ना, नजर कशी देईल? केवढा राग तिनं पोसला होता त्या नजरेवर!

"बघू बघू," धाकटा पुढं आला. "आपली मातोश्री कशी दिसते?"

एक पाऊल. त्यानं पडदा पाहिला असता, तर हसण्याची एक उकळी फुटली असती आणि लेन्स छबीची झाली असती. तिचा अंगठा आपोआप हलला. पडदा काळा झाला.

"आलाय चांगला," ती म्हणाली. "बाबांसारखा."

वर्षानुवर्षांची सवय हो, दुसरं काय! घरातल्या माणसाचं उघडं पडू द्यायचं नाही. जीभ तिची आधी धावली, डोकं मागाहून आलं.

"मग?" दादानं लेन्स काढून घेतली. त्याचा चेहरा उजळला होता, लहानपणी विटीदांडूत जिंकल्यावर उजळायचा तसाच. "तुला काढायचाय का तुझा?"

"राहू दे. तूच जिंकलास."

आईनं चमकून छबीकडे पाहिलं. धाकटा म्हणाला, "अगं, असं कसं? हा तर कुस्ती न खेळता चीतपट!" दादा पेटीपाशी गेला, मखमलीच्या खळग्यात लेन्स ठेवायला वाकला, आणि त्याचा हात खळग्याच्या बाजूला टेकला. त्यानं बोटांनी कड शोधली. मग ठेवली. झाकण लावलं. इतकं साधं, इतकं सराईत, की कुणाच्या लक्षात येऊ नये.

छबीच्या कानात आईचा फोन वाजला, चोवीस वर्षांपूर्वीचा. लग्नाला वर्ष झालं होतं. बाबा जिन्यावरून पडले होते, आणि मग कुठं डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "दोन-तीन वर्षं आधी आणलं असतं, तर उरलेलं तरी राखता आलं असतं." फोन ठेवून छबी मोरीत जाऊन ओक्साबोक्शी रडली होती. दोन-तीन वर्षं आधी ती खाकरत उभी होती ना, कॅमेऱ्यामागं!

"दादा, थांब," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. फोटो आलेला नाही."

"काय?"

"फोकस मागं गेलाय. डोळे पार गेलेत. आणि तुला ते दिसलं नाही."

दादाच्या कपाळावरची शीर फुगली. "वा गं वा! लेन्स हातची गेली तेव्हा हे सुचलं? इतकी वर्षं मनात धरून होतीस ना? काढ, काढ सगळं आज. आंधळा म्हण मला माझ्या बायकोसमोर!"

"लेन्स तू घे. पाचच्या पाच घे, मला एकही नको. पण सोमवारी माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

"मला काही झालेलं नाही!"

"मधोमध धूर दिसतो. हो की नाही? बघायला गेलं की माणूस पुसला जातो. म्हणून मान वळवून कडेनं बघतोस. मला माहीत आहे दादा, कारण बाबा असंच बघायचे. चौदाव्या वर्षापासून मी बाबांसाठी फोकस करत होते. ते फोटो बाबांनी नाही काढले, आम्ही दोघांनी काढले. कुणाला सांगितलं नाही. दुकान वाचलं, आणि डोळे गेले."

दादानं आईकडे तोंड वळवलं. "आई, ही काय बरळतेय?"

आई खुर्चीतच होती. आयुष्यभर तिनं निगेटिव्हवर रीटचिंग केलं होतं, काचेवर ठेवून, भिंगाखाली, टोकदार पेन्सिलीनं. कुणाच्या गालावरचे व्रण, कुणाच्या डोळ्यांखालची काळजी तिनं पुसून दिली होती. "खरं आहे," ती म्हणाली. "मला कधीच कळलं होतं. निगेटिव्ह माझ्याच हातात यायच्या ना? पोर शाळेच्या सहलीला गेली की तीन दिवस एक पापणी धड यायची नाही. सगळ्या पेन्सिलीनं काढाव्या लागायच्या. ती परत आली की पेन्सिल बाजूला."

"तुला माहीत होतं?" छबी जवळजवळ ओरडलीच. "मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

छबीनं चष्मा काढला.

"ते म्हणाले होते मला," आई हळू आवाजात म्हणाली, "'पोरीला इथं ठेवून घेतलं तर ती जन्मभर माझे डोळे होऊन बसेल. तिला जाऊ दे.' तुझ्याकडे बघून त्यांना हे सांगवलं नसतं. म्हणून न बघता दिला स्टुडिओ मोठ्याला."

"मला विचारायचं होतं एकदा!" छबीचा आवाज फाटला. पंचवीस वर्षं जे वाक्य तिला सापडत नव्हतं ते हेच होतं, बसमध्ये पाठ केलेलं दुसरंच होतं. "मी राहिलेही असते, नाहीतर गेलेही असते, पण एकदा विचारायचं होतं गं आई."

"हो," आई म्हणाली. "विचारायला हवं होतं."

आता वहिनी पुढं आली. तिनं दादाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि छबीच्या लक्षात आलं की आपण दहा वर्षांत या बाईला नवऱ्याला हात लावताना पाहिलेलं नाही. "अहो, गाडी चालवायचा कंटाळा येतो म्हणालात. पेपर मला वाचायला लावता, म्हणे आवाज छान आहे तुझा. मी खुळी, खूश होत होते. अलीकडं शंका यायला लागली होती." ती हसायला गेली आणि रडली. "मला तरी सांगायचं."

दादा पेटीवरच बसला. मोठा माणूस, चार लोकांत रुबाबानं वावरणारा, एकाएकी कुणाचा तरी मुलगा दिसायला लागला. मग म्हणाला, "नवा कॅमेरा स्वतःच डोळा शोधतो. चौकोन हिरवा झाला की मंद आवाज करतो. आवाज आला की दाबायचं. दोन वर्षं झाली. कुणाला संशय आला नाही. पण ही लेन्स हातानं फोकस करायची. कुणी म्हणालं असतं, दादा, तूपण काढून दाखव, तर? म्हणून कपाटात." त्यानं हाताच्या पाठीनं नाक पुसलं. "आणि ते टिपके? ते तरी बाबांनी..."

"मी केले. लग्नाच्या आदल्या आठवड्यात."

"माझ्यासाठी नव्हतेच म्हणजे."

"बाबांसाठी होते. तुझ्यापर्यंत आले."

धाकट्याला या घडीला तरी थट्टा सुचू नये ना? पण तो म्हणाला, "सोमवारी मी रजा काढतो. डॉक्टरकडे मी नेणार. छबी बोलेल जास्त आणि डॉक्टरला काही सुचणार नाही." आणि मग स्वतःच्याच विनोदावर न हसता तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "माझेही तपासून घेतो तिथंच. कुणी काही बोलू नका आता."

दादानं उठून पेटी उघडली, चाचपत लेन्स काढली आणि छबीच्या हातात ठेवली. "ही घेऊन जा. पाटीवर काहीतरी खोटं लिहिलं गेलं असतं."

"अशी नाही नेणार. आधी तुझा फोटो काढते."

"माझा कशाला? रडवेलं तोंड घेऊन?"

"तुझा एकही फोटो नाही आमच्याकडे. कायम कॅमेऱ्यामागं होतास. ऊठ, बस खुर्चीत."

आईनं उठून जागा दिली. दादा ठोकलेल्या खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, गिऱ्हाईक बसतं तसा अवघडून. छबीनं लेन्स चढवली. खुणेकडे पाहिलं नाही. चित्र मोठं केलं आणि रिंग फिरवायला लागली. आधी धूसर, मग कपाळाची आठी, मग भुवई, मग डाव्या डोळ्याची एकेक पापणी, ओली, वेगवेगळी. सहा वर्षं बाबांना सांगता आलं नव्हतं की हे जुळतं तेव्हा किती आनंद होतो. पण बुबूळ मात्र कडेला होतं. दादा तिच्याकडे बघत होता म्हणून तिच्याकडे बघत नव्हता.

"दादा, सरळ बघ. लेन्समध्ये."

"सरळ बघितलं की तू दिसेनाशी होतेस गं."

"होऊ दे. माझ्या आवाजाकडे बघ."

त्यानं मान वळवली, हळूहळू, घाबरत. बुबुळं मधोमध आली. किती वर्षांनी त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं होतं, आणि ती त्याच्यासमोरून पार पुसली गेली होती.

"गेलीस," तो म्हणाला.

"मी आहे इथंच," छबी म्हणाली. "हलू नकोस." आणि तिनं बटण दाबलं.